दोन नंबरचा ट्रे

"दार! आधी दार लावा!"

आकांक्षा इतक्या जोरात ओरडली, की आत येणाऱ्याने घाबरून दार लावलं खरं... पण स्वतः आतच राहून.

खोलीत पुन्हा अंधार झाला. कोपऱ्यात हिरव्या कागदात गुंडाळलेला एक मिणमिणता बल्ब तेवढा होता. त्या उजेडात समोरचा माणूस उंच आहे, एवढंच कळत होतं. त्याच्या हातात काचेच्या बश्या असाव्यात. त्या बारीक किणकिणत होत्या.

"सॉरी मॅडम. बाहेर पाटी न्हाई ना काही."

"पाटी आहे. पडली असेल खाली."

"खाली बी न्हाई. बघूनच आलो मी."

"या रोपांना उजेड लागला की त्यांची वाढ बदलते. चार दिवसांची मेहनत आहे माझी!"

"मंग आता काय करू?"

"आता जा."

"दार न उघडता?"

त्याच्या आवाजात हसू होतं. तिला ते मुळीच आवडलं नाही. ती चाचपडत ट्रेंवर काळं कापड पांघरू लागली. चार ट्रे, चार कापडं. तेवढा वेळ तो भिंतीला टेकून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "हरभरा हाय का?"

तिचे हात थांबले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"नाकानं. भिजलेल्या हरभऱ्याचा वास लपतो का कुठं?"

बाहेर आल्यावर तिने त्याला नीट पाहिलं. सावळा, बाह्या दुमडलेल्या, डाव्या भुवईवर जुनी खूण. हसताना त्याचे डोळे आधी हसायचे आणि ओठ मागाहून. "प्रितम हिवराळे. आजच जॉइन झालो. माझं काम ज्वारीवर हाय. तुमच्या शेजारचं टेबल दिलंय मला."

तिने नुसती मान हलवली. टेबलाशी येऊन बसली तर पाटी समोरच पडलेली. अक्षरं पुसट झाली म्हणून आदल्या दिवशी तिनेच ती काढून आणली होती. तिने पाटी झटकन ड्रॉवरमध्ये सारली. हे त्याला सांगायची काही गरज नव्हती.

नवीन जालन्यात एका बियाणे कंपनीची ही प्रयोगशाळा होती. आकांक्षा बोर्डे जुन्या जालन्यातून रोज स्कूटीवर यायची आणि सव्वानऊच्या ठोक्याला हजर असायची. काम तिच्या मनासारखं होतं. जमिनीत ओल कमी असली की हरभऱ्याचं बी रुजताना कुठे अडतं, आणि त्याला काय दिलं तर ते उठून उभं राहतं, हे तिला शोधायचं होतं. बियाच्या पोटात पिष्टाचा साठा असतो. बी भिजलं की जिबरेलिन नावाचं हार्मोन जागं होतं आणि अमायलेज या एंझाइमला कामाला लावतं. अमायलेज पिष्टाची साखर करतं, ती साखर कोंबाकडे जाते आणि कोंब वाढतो. पाणी कमी पडलं की हा कारखाना मंदावतो. मग बाहेरून थोडं जिबरेलिन दिलं तर तो पुन्हा सुरू होईल का? आणि आयती साखर दिली तर?

म्हणून चार ट्रे. एक नंबरला साधं पाणी. दोन नंबरच्या पाण्यात असं एक रसायन, की ते पाणी स्वतःकडेच ओढून धरतं. बी ओलं दिसतं, पण तहानलेलं राहतं. तीन नंबरला तीच तहान, वर जिबरेलिन. चार नंबरला तहान आणि साखर. पहिल्या खेपेला सगळं अपेक्षेप्रमाणे आलं होतं. दोन नंबरची रोपं खुरटलेली, तीन नंबरची तरारलेली. पण अजून दोनदा तसंच आलं असतं, तरच ते खरं मानता आलं असतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी हैदराबादहून मोठे साहेब यायचे होते. एका कोणाला तरी दोन वर्षांसाठी तिकडच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचं ठरलं होतं. आतापर्यंत नाव एकच होतं, आकांक्षाचं. आता दोन झाली.

तशी ती मुळात संशयी नव्हती. पण एम.एस्सी.ला असताना तिच्या जोडीदारणीने तिची सगळी निरीक्षणं स्वतःच्या नावावर दाखवली होती, तीही गोड हसत, डब्यातली भाजी वाटून घेत. तेव्हापासून कोणी गोड बोलायला लागलं की आकांक्षा आधी वही बंद करायची.

आणि प्रितम तर फारच गोड बोलायचा.

"मॅडम, तुम्ही अंकुर नसलेल्या दाण्याची टेस्ट करता का?" एक दिवस त्याने विचारलं.

"का?"

"काही न्हाई. मजा येती. बघा तर."

त्याने जवाचा एक दाणा ब्लेडने मधोमध कापला. अंकुराकडचा अर्धा टाकून दिला, उरलेला अर्धा पिष्ट घातलेल्या जेलीच्या बशीवर ठेवला. "ह्याला आता डोकं न्हाई, नुसतं पोट हाय. खायला भरपूर, पण कोणी निरोप आणल्याशिवाय हे काहीच करत न्हाई."

"निरोप म्हणजे जिबरेलिन," ती पटकन म्हणाली.

"बराबर! ते मिळालं की हा अर्धा दाणा बी अमायलेज सोडतो. दोन दिवसांनी वरून आयोडीन ओता. सगळी बशी काळीनिळी होती, पण जिथं पिष्ट खाल्लं गेलं, तिथं दाण्याभोवती गोल मोकळी जागा राहती. चंद्राला खळं पडतं ना, तशी."

"आणि साखर जास्त झाली तर?"

"मंग दाणा म्हणतो, आयतं मिळून राह्यलं, कशाला राबू?" तो तिच्या हातातल्या कपाकडे बघत म्हणाला, "म्हणून तुम्ही चहात एवढी साखर घेत जाऊ नका. काम बंद पडंल तुमचं."

तिला हसू आलं. आलेलं हसू तिने चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकलं. हा मला शिकवतोय का? की मी काय काय करते, ते काढून घेतोय?

कारण तो विचारायचाही फार. गावाला कधी जाता? रविवारी येता का? ही अक्षरं तुमचीच का, किती सुंदर... वहीकडे त्याची नजर गेली की ती पान उलटायची. आणि घरी स्कूटीवरून जाताना तिच्या लक्षात यायचं, की आपण दिवसभर कामाकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त पाहत होतो. पाळत ठेवायला पाहावंच लागतं, असं ती स्वतःला सांगायची.

गुरुवारी तिने दुसऱ्या खेपेची द्रावणं करायला घेतली. जिबरेलिनचं द्रावण मोजून झालं, एवढ्यात खिडकीबाहेरून त्याचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता, दबक्या आवाजात.

"हां... न्हाई, तिला अजून काहीच माहीत न्हाई. हळूहळू काढून घेतो. तू कोणाला बोलू नको बिलकुल."

हातातलं मापाचं नळकांडं तसंच धरून आकांक्षा कितीतरी वेळ खिडकीकडे पाहत राहिली. तो आत आला आणि तिच्याकडे पाहून नेहमीसारखा हसला... आधी डोळे, मग ओठ. तिने मान खाली घातली आणि घाईघाईने उरलेल्या बाटल्या भरल्या. चारही बाटल्या तिने आपल्या कपाटात ठेवल्या, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

सोमवारी तिने कापडं काढली आणि पाहतच राहिली.

दोन नंबरच्या ट्रेमधली रोपं तीन नंबरच्या रोपांएवढीच उंच झाली होती. जी तहानेने खुरटायला हवी होती, ती माना वर काढून उभी होती. तिने पट्टी लावून एकेक रोप मोजलं. मग पुन्हा मोजलं. मग ती फाटकावर गेली आणि तिने रजिस्टर उघडलं.

रविवार, सकाळी दहा चाळीस. प्रितम हिवराळे.

तिला रडू आलं नाही, राग आला. आणि त्या रागाच्या खाली कुठेतरी एक बारीक दुखरी जागा होती, तिच्याकडे तिने पाहिलंच नाही. दोन नंबरच्या ट्रेमधलं पाणी तिने पिचकारीने काढून घेतलं आणि त्यात जवाचे सहा अर्धे दाणे भिजवून त्यानेच शिकवलेली टेस्ट लावली. बुधवारी आयोडीन ओतलं. काळ्यानिळ्या बशीत सहाच्या सहा दाण्यांभोवती स्वच्छ, गोल खळी पडली होती.

बशी आणि रजिस्टर घेऊन ती नजीर सरांच्या केबिनमध्ये गेली.

नजीर सर प्रयोगशाळेचे प्रमुख. पिकल्या दाढीचा, सावकाश बोलणारा माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि प्रितमला बोलावलं.

प्रितमने बशी उजेडात धरली. "जिबरेलिन हाय ह्यात. बिलकुल हाय."

"रविवारी तू अंधारखोलीत गेला होतास?"

"गेल्तो, सर."

"कशासाठी?"

त्याने आकांक्षाकडे पाहिलं. मग फरशीकडे. "ते... सांगता येणार न्हाई."

"बेटा, हा जवाब नाही झाला."

"माहीत हाय सर. पण न्हाई सांगता येणार. ट्रेला मी हात लावला न्हाई, एवढं खरं."

"शनिवारची मीटिंग होईपर्यंत लॅबमध्ये येऊ नकोस," सर शेवटी म्हणाले. "नंतर बघू."

त्याने आपल्या टेबलावरचा डबा उचलला. दारात थांबला. हसला नाही. "मॅडम, ट्रेची टेस्ट केली तुम्ही. बाटलीची केली का?"

"बाटली माझ्या कुलपात आहे."

"म्हणूनच विचारलं," तो म्हणाला आणि गेला.

म्हणूनच? याचा अर्थ काय? जाता जाताही माझ्यावरच? त्याचं तोंड कायमचं बंद करायचं म्हणून तिने त्याच दुपारी कपाट उघडलं, दोन नंबरच्या बाटलीतले थेंब घेतले आणि नवी बशी लावली.

शुक्रवारी चार वाजता तिने आयोडीन ओतलं.

आधी सगळं काळंनिळं झालं. आणि मग, अगदी सावकाश, तिच्या डोळ्यांसमोर एकेक खळं उमटत गेलं. एक... दोन... सहा.

ती स्टुलावर बसली. बाटली तिच्या कुलपात होती. किल्ली तिच्या पर्समध्ये. या बाटलीपर्यंत दुसऱ्या कोणाचा हात पोचणंच शक्य नव्हतं. गुरुवारची ती वेळ तिला लख्ख आठवली. जिबरेलिन मोजलेलं नळकांडं हातात, खिडकीबाहेर त्याचा आवाज, त्याच्यावर खिळलेले आपले डोळे. नळकांडं तिने धुतलंच नव्हतं. त्याच नळकांड्याने दोन नंबरची बाटली भरली. तळाला राहिलेले चार थेंब बीला पुरेसे होतात. हे हार्मोनच तसं, किंचितसं लागतं.

बेसिन दोन पावलांवर होतं. बाटली ओतून दिली, बशी विसळली, की संपलं. सरांना काही कळणार नव्हतं. हैदराबादला ती एकटी जाणार होती. बाटलीचं झाकण तिने उघडलंसुद्धा. नळ सोडला. पाणी धो धो वाहत राहिलं, आणि तिला तो केबिनमध्ये उभा दिसला. फरशीकडे बघणारा, डबा उचलणारा.

तिने नळ बंद केला.

नजीर सर निघायच्या तयारीत होते. तिने बशी त्यांच्या टेबलावर ठेवली. "सर, माझी चूक आहे. त्यांची नाही."

सरांनी बराच वेळ बशीकडे पाहिलं. "हे मला कळलं नसतं, आकांक्षा."

"हो सर."

"उद्या मीटिंगमध्ये सांगशील? सगळ्यांसमोर?"

"सांगेन."

आणि तिने सांगितलं. आठ माणसांसमोर, काही न लपवता. हैदराबादच्या साहेबांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. प्रयोग पहिल्यापासून करायचा आणि या वर्षी कोणालाच पाठवायचं नाही, असं ठरलं. बाहेर आल्यावर नजीर सर म्हणाले, "हिवराळेला मी फोन करतो."

"नको सर," ती म्हणाली. "माझं मी जाऊन सांगते."

प्रितम बुधवारीच गावी गेल्याचं कळलं होतं, म्हणून रविवारी सकाळी ती हसनाबादच्या एसटीत बसली. थंडी होती, खिडकीच्या काचा खडखडत होत्या. वाटेत तिने पाच-सहा वाक्यं पाठ केली. उतरून घर विचारत विचारत गेली, तोवर त्यातलं एकही आठवेना.

घराला कुलूप होतं. शेजारणीने शेताची वाट दाखवली. वीतभर उंचीचा हरभरा पसरला होता आणि त्यात वाकून दोघं जणं शेंडे खुडत होती. एक म्हातारी बाई, आणि थोड्या अंतरावर तो. बाईने कमरेवर हात ठेवून पाहिलं.

"कोण पायजे, बाई?"

"जय भीम. मी... जालन्याहून आले. आकांक्षा बोर्डे."

"जय भीम," म्हणता म्हणता बाईचा चेहराच बदलला. "आगं माय! आकांक्षा म्हंजे तूच का ती? मी चांगुणाबाई, ह्याची माय. फोनवर तुझंच सांगून राह्यला होता की. म्हणे, तिला अजून काही माहीत न्हाई, तिच्या मनातलं हळूहळू काढून घेतो, तू कोणाला बोलू नको..."

"माय!" प्रितम ओरडला.

"आता बोलले तर बोलले," चांगुणाबाई म्हणाली आणि खुडलेल्या भाजीची पाटी उचलून बांधाकडे निघून गेली.

आकांक्षा जागेवरच उभी राहिली. तिच्या मनातलं. वहीतलं नव्हे, मनातलं. तिचा चेहरा कानांपर्यंत तापला.

"आता काय शोधायला आलात?" प्रितमने मान वर न करता विचारलं.

"बाटलीत होतं," ती म्हणाली. "माझ्याच हातून गेलं. नळकांडं धुतलं नव्हतं मी. काल मीटिंगमध्ये सगळ्यांना सांगितलं. सोमवारपासून तुम्ही येऊ शकता."

तो शेंडे खुडत राहिला. खुट... खुट... "तुम्ही सांगितलं नसतं तर?"

"तर तुम्ही आला नसतात. आणि मी रोज त्या रिकाम्या टेबलाकडे बघत बसले असते."

त्याचे हात थांबले. पण तो हसला नाही. "मला राग आलाय, मॅडम. खोटं कशाला बोलू? सरांसमोर चोर ठरलो मी. तो राग जल्दी न्हाई जायचा."

"नको जाऊ दे," ती म्हणाली. "मी थांबते."

काय करावं ते न सुचून तीही खाली वाकली आणि त्याच्या बाजूच्या ओळीत शेंडे खुडू लागली. हरभऱ्याच्या पानांवरची आंबट आंब तिच्या बोटांना लागली. तिने नकळत बोट जिभेला लावलं आणि आंबट तोंड केलं. त्याने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं.

"एवढा मोठा नका खुडू. फक्त वरचा. शेंडा गेला की खालून फांद्या फुटतात."

"माहीत आहे. शेंड्यातलं ऑक्सिन बाजूच्या डोळ्यांना वाढू देत नाही."

"माझी माय म्हणती, भाजी चांगली लागती म्हणून खुडायचं."

आता मात्र तिला हसू आवरलं नाही. त्यालाही. दोघं शेजारशेजारच्या ओळींत पुढे सरकत राहिली. मग तिने विचारलं, "त्या रविवारी... खोलीत कशाला गेला होतात?"

"चिठ्ठी ठेवायला. ट्रेंशेजारी तुमच्या पट्टीखाली ठेवली. फाटकापर्यंत गेलो, मंग भीती वाटली. परत येऊन काढून घेतली." तो थांबला. "सरांसमोर हे कसं सांगणार? तुमचं नाव निघालं असतं."

"काय लिहिलं होतं?"

"एकच ओळ. तुम्ही माझ्यावर डोळा ठेवता ते मला कळतं, पण कशासाठी ठेवता ते कळत न्हाई, असं."

आकांक्षाने मातीकडे पाहिलं. तिने इतके दिवस स्वतःला जे सांगितलं होतं, ते आता तिला स्वतःलाच पटेना. "मलाही कळत नव्हतं," ती हळू म्हणाली. "मला वाटायचं पाळत ठेवतेय. पण पाळत ठेवणाऱ्या माणसाला... तुम्ही दिसला नाहीत तर जेवण गोड लागायचं थांबतं का हो?"

त्याने तिच्या ओळीत विसरलेला एक शेंडा वाकून खुडला आणि तिच्या तळहातावर ठेवला. बोटं क्षणभर तिथेच राहिली.

दुपारी चांगुणाबाईने भाकरी आणि तीच भाजी वाढली, आग्रह करकरून. चार वाजताच्या गाडीसाठी प्रितम तिला स्टॅंडवर सोडायला आला. अंगात घरचा सदरा, पायात स्लिपरा. गाडी आली. ती चढली, खिडकीशी बसली. तो खाली उभा राहिला, खिडकीच्या गजाला धरून.

"उद्या येता ना?" तिने विचारलं.

"राग अजून गेला न्हाई माझा."

"मी कुठे म्हटलं गेला म्हणून?"

गाडी सुरू झाली. तो दोन पावलं गाडीबरोबर चालला, मग चार. मग अचानक धावत पुढे गेला, दाराच्या दांडीला धरून वर चढला आणि धापा टाकत येऊन तिच्या शेजारी बसला.

"अहो, स्लिपरवर कुठे निघालात? कपडे, सामान?"

"खोलीवर हायेत सगळे. जालन्यातच राहतो की मी." आणि मग, नेहमीसारखे, आधी त्याचे डोळे हसले. "एकट्यानं रागावून बसायला गावात करमत न्हाई. म्हटलं, तुमच्याजवळ बसूनच रागावतो."

कंडक्टर माणसांमधून वाट काढत आला. त्याने एकदा प्रितमच्या स्लिपरांकडे पाहिलं, एकदा तिच्या आंबेने हिरव्या झालेल्या बोटांकडे.

"एक फुल, एक लेडीज? जालना?" त्याने विचारलं. "सोबत हायेत का दोघं?"

प्रितमने तिच्याकडे पाहिलं.

"सोबत," आकांक्षा म्हणाली, एका क्षणाचाही विचार न करता.